रायफलच्या सरावाला टार्गेट कसं निवडावं: नागपूरच्या नव्या नेमबाजांसाठी

शाळांना सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या रेंजवर नवी पोरं-पोरी दिसायला लागतात. रायफल कोणती घ्यावी, जॅकेट शिवून घ्यावं की तयार आणावं, यावर घरात महिना महिना चर्चा झालेली असते. टार्गेटचं मात्र कोणी विचारत नाही. समोर गठ्ठा असतो, त्यातलं एक उचलायचं, क्लिपला लावायचं आणि फायर सुरू. महिन्याभराने आईवडील विचारतात, "प्रगती आहे का?" तेव्हा दाखवायला ढीगभर भोकं पडलेली कार्डं असतात, पण त्यांवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

हा लेख मुख्यतः १० मीटर एअर रायफलसाठी आहे, कारण सुरुवात तिथूनच होते. ५० मीटरचं पुढे थोडक्यात येईल.

१. आधी ठरवा, आज काय तपासायचंय

सरावात तपासायच्या गोष्टी मोजक्याच. रायफल नेम धरला तिथे मारते का, म्हणजे झीरो. मी स्वतः एकाच जागी मारतोय का, म्हणजे ग्रुप. ट्रिगर दाबताना हात काय करतोय. आणि स्पर्धेत बसलो तर किती होतील, म्हणजे स्कोअर. या प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, आणि एका वेळी एकच तपासायचं.

गडबड कुठे होते ते सांगतो. नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात रिंगांचं कार्ड दिलं की तो आकडे मोजायला लागतो. एक शॉट सातला गेला की साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) फिरवली, पुढचा दुसरीकडे सातला गेला की पुन्हा उलटी फिरवली. छर्ऱ्यामागे साइट पळवायची ही सवय एकदा लागली की सोडवताना प्रशिक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो. त्या मुलाचा दोष नसतो. कार्डावर आकडे छापलेत, तो आकडे वाचणारच.

२. १० मीटरचं कार्ड नीट समजून घ्या

एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटचा मधला टेन म्हणजे अवघ्या ०.५ मिलिमीटरचा पांढरा ठिपका. नऊची रिंग ५.५ मिमी व्यासाची, आठची १०.५, सातची १५.५, आणि असं पाच-पाचने वाढत एकची रिंग ४५.५ मिमी. चार ते नऊ या रिंगा काळ्यात असतात, म्हणून काळा गोल ३०.५ मिमीचा. छर्ऱ्याने रिंगेची बाहेरची कड नुसती शिवली तरी वरचा आकडा मिळतो. छर्रा ४.५ मिमीचा असल्यामुळे त्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला की टेन. तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो आणि १०.९ ला थांबतो. २०१३ पासून पात्रता फेरीतही असे दशांश धरले जातात, म्हणून ६० शॉटचा कमाल स्कोअर ६५४.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एक हिशोब हाताशी असू द्या. पाच छर्ऱ्यांचे मध्य ५ मिमी व्यासाच्या वर्तुळात बसले आणि ते वर्तुळ मध्यावर आलं, तर पाचही टेन. १० मिमीच्या वर्तुळात बसले तर नऊच्या खाली काही नाही. आपण कुठे उभे आहोत हे समजायला एवढं पुरतं.

आता काळ्या गोलाचं आणि फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटमधल्या, रिंगचं नातं. फोरसाइट डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवर असेल, तर १० मीटरवरचा ३०.५ मिमीचा काळा तिथे साधारण २.७ मिमीचा दिसतो. रिंग ३ मिमीची लावली तर भोवती पांढरं उरतच नाही. डोळा ताणला जातो, मूल श्वास रोखून धरतं आणि शॉट लांबवत राहतं. ३.८ ते ४ मिमीच्या रिंगमध्ये काळ्याभोवती मोकळी पांढरी कड दिसते. नव्यांनी मोठीच रिंग वापरावी. लहान रिंगने नेम बारीक होतो हा समज रेंजवर फार पसरलेला आहे आणि नव्यांच्या बाबतीत तो मला अजिबात पटत नाही.

याच हिशोबाने पिस्तुलाचं कार्ड पीप साइटच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकातून नेम धरायच्या, रायफलला चालत नाही. एअर पिस्तुलाचा काळा ५९.५ मिमीचा. तो फोरसाइटपाशी ५.४ मिमीचा दिसतो, म्हणजे रिंगमध्ये मावतच नाही. "मोठं आहे, सोपं जाईल" म्हणून दुकानातून हेच कार्ड आणणारे पालक दरवर्षी भेटतात. ओपन साइटच्या (मागे खाच, पुढे टोक) रायफलवर शिकणाऱ्यांना मात्र पहिले काही दिवस हा मोठा काळा उपयोगी पडतो, कारण साइटच्या टोकावर तो स्पष्ट बसतो. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. आपल्या गटाला कोणतं कार्ड आहे ते स्पर्धेच्या परिपत्रकात बघून त्याचाच गठ्ठा आणा.

३. घरी १० मीटर मिळत नसतील तर

१० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट. महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात ओसरीपासून मागच्या दारापर्यंत ते निघतील. मनीषनगर-बेसा भागातल्या दोन बीएचकेत निघायचे नाहीत. मग लोक ५ मीटरवर तेच कार्ड लावतात आणि मूल टेनवर टेन मारतंय म्हणून खूश होतात. रेंजवर आलं की रडारड.

५ मीटरवर सराव करायचाच तर काळा अर्धा करा: १५.२५ मिमी. डोळ्याला चित्र रेंजसारखंच दिसेल. पण त्यावर स्कोअर मोजू नका, मोजताच येत नाही. कार्ड अर्धं झालं तरी छर्रा ४.५ मिमीचाच राहतो. अर्ध्या अंतरावर टेनची हद्द मध्यापासून १.२५ मिमी असायला हवी, आणि छर्ऱ्याची स्वतःची त्रिज्याच २.२५ मिमी आहे. म्हणजे ठिपका कितीही बारीक छापला तरी छर्रा त्याला फुकटात शिवणार.

आणखी एक गोष्ट. साइट नळीच्या वर बसलेली असते, त्यामुळे १० मीटरवर झीरो केलेली रायफल ५ मीटरवर चांगलीच खाली मारते, बरेचदा काळ्याच्याही बाहेर. घाबरून साइट फिरवायची नाही. फिरवलीच तर किती क्लिक ते वहीत लिहा आणि रेंजवर जायच्या आधी तेवढेच परत आणा. माझ्या मते घरी रिकाम्या रायफलने ड्राय फायर करावं, छोटा काळा भिंतीवर चिकटवून, आणि छर्रे रेंजसाठी ठेवावेत. रायफल रिकामी आहे हे दर वेळी डोळ्यांनी बघून, आणि त्या खोलीत छर्ऱ्यांचा डबाच न ठेवता.

उंचीही पाळा. नियमात १० मीटरच्या टार्गेटचा मध्य उभं राहण्याच्या जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. घरी खिळा होता तिथे कार्ड टांगलं, खुर्चीवर खोकं ठेवून लावलं, असं केलं की शरीर त्या उंचीला जुळवून घेतं आणि स्टँडिंगची सगळी बैठक बिघडते.

४. कागद: इथे कंजुषी नको

चांगल्या कार्डावर छर्रा गेला की गोल, स्वच्छ भोक पडतं. झेरॉक्सच्या साध्या कागदावर तारा पडतो, कडा फाटतात आणि नऊ की टेन यावर भांडण लागतं. अर्धं काम छर्ऱ्याचंही आहे. सपाट तोंडाचे मॅच छर्रे कागद कापतात, टोकदार आणि गोल तोंडाचे तो फाडतात. कार्डावर सराव करायचा तर सपाट तोंडाचेच घ्या.

तयार कार्डं महाग वाटत असतील तर छापून घेता येतात. इतवारीत कागदाच्या ठोक दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कामाले पाहिजे जी? पत्रिका छापाची हाय का?" पत्रिकेचं आर्ट कार्ड नको म्हणावं. ते चमकतं आणि दिव्याखाली काळा गोल करडा दिसतो. न चमकणारा, थोडा खरखरीत, जाड पल्प बोर्ड मागा. गठ्ठा उचलण्याआधी एक तुकडा मागून पेन्सिल आरपार खुपसून बघा. कड सुटी सुटी झाली, पापुद्रे निघाले तर तो कागद नको. दुकानदार जरा विचित्र बघतो, पण बघू द्या.

घरच्या प्रिंटरवर काढताना सगळ्यात मोठी चूक आकाराची होते. प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र आपोआप लहान करतो. 'फिट टू पेज' बंद करा, स्केल १०० टक्के ठेवा, पहिलं पान काढून पट्टी किंवा व्हर्नियरने काळा मोजा. ३०.५ भरला तरच पुढची पानं. २९ भरला तर आपण वेगळ्याच खेळाचा सराव करतोय. इंकजेटची शाई पाणी लागलं की पसरते आणि लेझरचा काळा किंचित चमकतो; दोन्हींत मला लेझर बरा वाटतो, फक्त दिवा समोरून सरळ न टाकता थोडा वरून टाकायचा. कार्डावर किमान १५०० लक्स उजेड असावा असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने अंदाज येतो.

आपल्याकडच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात ४५ अंशांत खोलीत कूलर चालू असतोच. कूलरची ओली हवा तासाभरात कार्ड मऊ करते, मग भोक ओल्या पापडासारखं दबून पडतं आणि कडेचा शॉट वाचता येत नाही. कूलरचा झोत कार्डावर आणि छर्ऱ्याच्या वाटेवर येणार नाही असा ठेवा, गठ्ठा बंद डब्यात ठेवा, लागतील तेवढीच कार्डं बाहेर काढा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. आणि उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत गठ्ठा कधीच नको; कार्डं वाकतात आणि क्लिपमध्ये सपाट बसत नाहीत.

५. कार्डाच्या मागे काय आहे

टार्गेट निवडणं म्हणजे त्याच्या मागची जागाही निवडणं. पेलेट ट्रॅप हवाच, तिरप्या पोलादी पत्र्याचा, छर्रा खाली वळवून आतच अडकवणारा, आणि कार्डापेक्षा चारही बाजूंनी मोठा. प्लायवूड, टायर, कडक रबर यांवरून शिशाचा छर्रा उलट येऊ शकतो. ट्रॅपच्या मागे पक्की भिंत असावी. दार, खिडकी, पडदा नसावा. डोळ्यांवर चष्मा. सराव झाल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण ट्रॅपमध्ये शिशाची भुकटी साचते.

गच्चीवर उघड्यावर सराव करू नका. संक्रांतीच्या दिवसांत तर आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंगांमागे पोरंच पोरं असतात, आणि एरवीही कोण कधी कपडे वाळत घालायला येईल सांगता येत नाही.

बाटल्या, ट्यूबलाइट, दगड, मडकी, पाण्याचा पृष्ठभाग हे टार्गेट नव्हे. काच उडते, छर्रा कुठेही वळतो. पक्ष्या-प्राण्यांवर तर रायफल रोखायचीही नाही. जखम आणि गुन्हा दोन्ही खरे असतात. जत्रेतले फुगे मजेला ठीक आहेत, पण फुगा 'लागला की नाही' एवढंच सांगतो, किती बाजूला गेला ते नाही. फिरणाऱ्या पत्र्याच्या टार्गेटवर मुलं खूश होतात; शिशाचे छर्रे, कमी ताकदीची एअर रायफल, चष्मा आणि पूर्ण १० मीटर अंतर असेल तर सत्राच्या शेवटी पाच मिनिटं मारू द्यावं. पत्र्यावर पोलादी बीबी (बारीक गोल गोळ्या) मात्र कधीच नाही.

कायद्याचं एका ओळीत: ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, .२२ च्या काडतुसाच्या रायफलला शस्त्र परवाना लागतो आणि ती फक्त मान्य रेंजवर चालवायची.

६. कोणत्या कामाला कोणतं कार्ड

झीरो करताना एकच बुल, म्हणजे एकच काळा गोल, असलेलं कार्ड. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, टेकून, पाच शॉट. पाच होईपर्यंत साइटला हात लावायचा नाही. मग पाचांचा मध्य कुठे आहे ते बघून साइट हलवायची आणि नव्या कार्डावर पुन्हा पाच. दोनदा मध्यावर आला की संपलं.

ग्रुपसाठी शक्यतो आकडे नसलेला नुसता काळा गोल छापा, त्याच ३०.५ मिमीचा. पाच शॉट, कार्ड बदला. दहा मारले की एअर रायफलमध्ये सगळं मिळून एक मोठं भगदाड होतं आणि कोणता छर्रा कुठून गेला ते कळत नाही. ग्रुप मोजायला दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि ४.५ वजा करा. कडा ११.५ मिमी असतील तर ग्रुप ७ चा.

ट्रिगरसाठी माझं आवडतं कार्ड म्हणजे कोरं कार्ड. छापील कार्ड उलटं लावा, पांढरी बाजू पुढे. नेम धरायला काहीच नसल्यामुळे डोळा काळ्याचा पाठलाग करत नाही. लक्ष फोरसाइटच्या रिंगवर आणि बोटावर राहतं, आणि शॉटच्या क्षणी रिंग हलली तर ती स्पष्ट दिसते. पहिल्यांदा मुलांना हे फालतू वाटतं. "सर, मारायचं कुठे?" हा प्रश्न ठरलेला. मारायचं कुठेच नाही, फक्त शॉट सोडायचा. स्टँडिंगमध्ये आडवा डोलणारा असेल त्याच्यासाठी कोऱ्या कार्डावर मार्करने एक उभी रेघ ओढा. छर्रे रेघेच्या डावी-उजवीकडे किती पसरतात ते बघा, वर-खाली गेले तरी चालेल. वर-खाली नाचणाऱ्याला आडवी रेघ. एका वेळी एकच दोष दिसतो, त्यामुळे सुधारणाही लवकर होते.

स्कोअरसाठी एका बुलवर एक शॉट. आता एका पानावर दहा-बारा बुल असलेली कार्डं स्वस्त पडतात, पण त्यात एक मेख आहे. पानाच्या एका कोपऱ्यातल्या बुलपासून दुसऱ्या कोपऱ्यातल्या बुलपर्यंत १५ सेंटीमीटर अंतर असेल, तर नळीचं टोक सव्वा ते दीड सेंटीमीटर सरकवावं लागतं. अनुभवी नेमबाज पाय हलवून सगळं शरीर नव्या बुलकडे वळवतो. नवा नेमबाज फक्त हाताने रायफल ढकलतो, आणि मग शॉट सुटताना ती जिथून आली तिकडे परत जाते. म्हणून सुरुवातीचे निदान दोन-तीन महिने एकेरी कार्डं, किंवा पानच क्लिपमध्ये सरकवून प्रत्येक बुल त्याच जागी आणायचा. वेळ जातो, पण जाऊ द्या.

रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्याच्यावर जरूर मारा, मोठ्या स्पर्धा त्याच्यावरच होतात. फक्त स्क्रीन बंद करून किंवा झाकून दहा शॉट मारायची सवय लावा. प्रत्येक शॉटनंतर १०.२, ९.७ बघत बसलं की आकड्यांमागे साइट पळवायचा पहिल्या भागातला आजार नव्या कपड्यांत परत येतो.

७. कार्ड फेकण्याआधी वाचा

शॉट सुटला की स्कोपमधून किंवा स्क्रीनवर बघण्याआधी तोंडाने सांगायचं: "नऊ, चार वाजता." म्हणजे भोक घड्याळाच्या चारच्या दिशेला. याला कॉल म्हणतात. मग बघायचं. कॉल आणि भोक जुळत असेल तर मुलाला आपली चूक दिसते आहे, म्हणजे ती सुटेल. कॉल "टेन" आणि भोक आठला, असं वारंवार व्हायला लागलं तर आधी साइटचे स्क्रू, गालाची जागा आणि छर्ऱ्यांचा डबा तपासा.

एक कार्ड डोळ्यासमोर आणा. पाच भोकं, चार एकमेकांत मिसळून मध्याच्या खाली डावीकडे, सातच्या रिंगवर. पाचवं एकटं वर उजवीकडे, सहाला. आकड्यांची बेरीज चौतीस, घरचे म्हणतील वाईट. प्रशिक्षक म्हणेल उत्तम, कारण चार शॉट एकाच जागी आहेत. फक्त साइट वर आणि उजवीकडे आणायची. आणि त्या एकट्या भोकाच्या वेळी काय झालं ते मुलाला विचारायचं. बहुतेक वेळा त्याला आठवत असतं, फार वेळ धरून ठेवलं होतं.

कार्डाच्या मागे तारीख, अंतर, छर्ऱ्यांचा डबा आणि तपासत होतो ती गोष्ट पेन्सिलने लिहा. सगळी ठेवायची गरज नाही, दर आठवड्याची दोन पुरे. वाईट निघालेलंही ठेवा.

८. ५० मीटरला जाताना

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर टेन १०.४ मिमीचा आणि काळा ११२.४ मिमीचा. गोळी ५.६ मिमीची, म्हणजे तिचा मध्य ८ मिमीच्या आत पडला की टेन. कार्ड मोठं दिसतं, पण अंतराच्या मानाने हा टेन एअर रायफलच्या टेनपेक्षा बराच अवघड आहे, आणि काळाही डोळ्याला लहान दिसतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं ते याच अंतरावर, थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० ला जागतिक विजेतेपद मिळवलं तेही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून.

५० मीटरची तयारी १० मीटरच्या रेंजवर करायची असेल तर २२.५ मिमीचा काळा छापा. प्रोनमध्ये रिंग आणि काळ्याचं तेच चित्र दिसेल. कामठीच्या एनसीसी कॅम्पात .२२ वर जवळच्या अंतरावरून पाच राउंडांचे ग्रुप मारून आलेल्या मुला-मुलींना हे पटकन जमतं, कारण आधी ग्रुप आणि मग मध्य ही शिस्त तिथेच लागलेली असते.

आपल्या उन्हाळ्यात उघड्या रेंजवर दहा-अकरानंतर ५० मीटरचं टार्गेट बघू नका. जमिनीवरून तापलेली हवा उठते, काळा हलताना दिसतो आणि वाऱ्याबरोबर एका बाजूला सरकल्यासारखा भासतो. पांढऱ्या कार्डावरचं ऊन डोळ्याला टोचतं ते वेगळंच. सकाळी लवकर सुरू करून नऊपर्यंत आटोपा.

९. स्पर्धेच्या आधीचा महिना

जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा अशी वाट आहे आणि प्रत्येक ठिकाणी व्यवस्था वेगळी. कागदी कार्डं आहेत की इलेक्ट्रॉनिक, हे प्रवेशिका भरतानाच विचारून घ्या, कारण वेळही त्यावर ठरतो: आंतरराष्ट्रीय नियमात ६० शॉटना इलेक्ट्रॉनिकवर ७५ मिनिटं आणि कागदावर ९०. कागद असेल तर कार्ड बदलण्यात जाणारा वेळ धरून घड्याळ लावून सराव करा. या महिन्यात छापलेली कार्डं बाजूला ठेवा आणि स्पर्धेत वापरतात तसलीच तयार कार्डं आणा, कारण काळ्याची छटा आणि कागदाचा पांढरेपणा जरा बदलला तरी डोळ्याला ते जाणवतं. आठवड्यातून एक पूर्ण साठ शॉटचा सामना, बाकीचे दिवस कोरं कार्ड आणि ग्रुप. शेवटच्या तीन दिवसांत नवीन कोणतंही कार्ड, रिंग किंवा छर्रा लावायचा नाही.